विनामूल्य कॅड प्रणालींना अटींची चौकट

बेंगळुरूमधील हेब्बाळ येथे २०१८ मध्ये सापडलेला, सुमारे इसवी सन ७५० मधील कित्तय्य शिलालेख त्रिमितीय स्कॅनिंगद्वारे संगणकावर जतन करण्यात आला आहे. अशा लेखाची लहान प्रतिकृती किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापण्याजोगा एखादा सुटा भाग घडवू पाहणारे हौशी सहसा संगणकीय आरेखनाच्या, म्हणजेच कॅड प्रणालींच्या, विनामूल्य आवृत्त्यांकडे वळतात.

साध्या आरेखनासाठी ही साधने पुरेशी आहेत. अडचण येते ती काम साठवताना आणि विकताना. ऑनशेपच्या विनामूल्य खात्यातील प्रत्येक आराखडा इतर वापरकर्त्यांना पाहता येतो, त्याची नक्कलही करता येते. शिलालेखाच्या बाबतीत हे इष्टच; स्वतः योजलेल्या यंत्रभागाच्या बाबतीत मात्र नव्हे. शिवाय ही आवृत्ती केवळ अव्यावसायिक वापरासाठी आहे. ऑटोडेस्क कंपनीने ऑक्टोबर २०२० पासून फ्यूजनच्या वैयक्तिक आवृत्तीत एका वेळी बदल करता येतील अशा आराखड्यांची संख्या १० वर आणली. अकरावा हाती घ्यायचा, तर आधीचा एक केवळ पाहण्यापुरता ठेवावा लागतो.

मुक्त स्रोत प्रणाली असलेल्या फ्रीकॅडवर अशी बंधने नाहीत. तिची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. शिकण्यास ती काहीशी कठीण आहे. परंतु फाइल स्वतःच्याच संगणकावर राहते आणि तीवरून बनवलेली वस्तू विकण्यास प्रणालीच्या परवान्याची आडकाठी नाही.