उधाण, मानस आणि गावकारी

आज गोव्याच्या तिसवाडीबद्दल बोलू. नाव सांगतंच, तीस वाड्या. पण नकाशा नीट बघा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि मागच्या बाजूने दोघींना जोडणारा कुंभारजुवें कालवा. म्हणजे पणजीसकट हा सगळा भाग बेटच. शेजारी दिवाडी, चोडण, जुवें. यांतल्या कितीतरी शेतांची पातळी भरतीच्या पाण्याच्या खाली आहे. समुद्राखालची शेती म्हटलं की आपल्याला हॉलंड आठवतं. खाजन आठवत नाही, ही आपली सवय.

खाजन म्हणजे खाडीकाठची दलदल, बांध घालून शेतीखाली आणलेली. बांध चिकणमातीचा, आत भाताचा पेंढा, नदीच्या बाजूला चिरे आणि लाटा अडवायला तिवरांची रांग. बांधात एक दार असतं, त्याला म्हणतात मानस. त्याच्या लाकडी फळ्या अशा टांगलेल्या की बाहेर भरती चढली की पाण्याच्याच दाबाने त्या मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. चौकीदार लागत नाही. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं. ज्या पाण्याची भीती, त्याच्याच हातात कडी दिलेली!

अष्टमीच्या भांगाला पाणी सुस्त असतं, तेव्हा काळजी नाही. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आलं की बांधाची परीक्षा. आणि खरा कठीण काळ पावसाळा. सह्याद्रीवरचा पाऊस मांडवीला पूर आणतो, त्यात उधाण आलं तर नदीची पातळी उतरायलाच तयार नसते. मग मानस मिटलेलंच राहतं आणि आत पडलेला पाऊस आतच साचतो. (मुंबईकरांना हे वेगळं समजवायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि भरतीच्या वेळी पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती.) बांध फुटला तर एका हंगामाचं भात जातं, ते एकवेळ सोसता येतं. मातीत शिरलेलं मीठ धुऊन निघायला मात्र पुढचे काही पावसाळे लागतात. कोरगुटसारखी भाताची जात थोडा खारटपणा सोसते, पण थोडाच.

आता प्रश्न असा, की हा बांध कुणाचा? खेकड्याने बीळ पाडलं माझ्या शेतापाशी, पण पाणी शिरणार शंभर जणांच्या शेतात. मी दुर्लक्ष केलं तर? तत्त्वज्ञानाच्या वर्गात सामाईक जबाबदारीवर आम्ही तासन् तास बोलायचो. या गावांनी तिचा हिशेब मांडून ठेवला होता. जमीन गावकारीची. मानसाच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरण्याचा हक्क लिलावात जायचा आणि तो पैसा गावकारीकडे यायचा. बांधाची डागडुजी सामाईक खर्चात. मासळी आणि भात एकाच वहीत, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या महसूल अधिकाऱ्याने या गावांच्या रूढी लिहून काढल्या, ती फोराल. राज्यकर्त्यांचा हेतू अर्थातच महसुलाचा. पण गावकारांची व्यवस्था त्यांच्या आधीपासून उभी होती, हे त्यांच्याच कागदावरून दिसतं. पुढे गावकारीची ‘कोमुनिदाद’ झाली, सरकारी लगाम आवळत गेला.

१९६१ नंतर काय झालं? १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळं मालक ठरली. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हा न्यायच होता. त्याबद्दल मला शंका नाही. बांधाची जबाबदारी कूळ संघांकडे आली. पण गावकारीचा जुना धाक आणि जुनी वही त्यांच्यापाशी नव्हती. तोवर खनिजाच्या बार्जी नदीतून धावू लागल्या होत्या, त्यांच्या लाटांनी बांध खरवडले जाऊ लागले. आणि कोळंबीला भातापेक्षा चांगला भाव. मग मानसाचा ठेका घेतलेला माणूस भरतीला दार उघडं ठेवतो, खारं पाणी मुद्दाम आत घेतो. बांधाला पडलेलं भगदाड कधीकधी बुजवलंच जात नाही. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाजनांच्या रक्षणाची वेगळी तरतूद आली. पण पावसाळ्याआधी चिखल घेऊन बांधावर कुणी जायचं, हे गावातच ठरावं लागतं. जो शेत कसत नाही, ज्याची मुलं परदेशी आहेत, त्याने का जावं?