जयगड : खाडीच्या मुखावरील गाव आणि त्याचे नाव

सह्याद्रीत उगम पावलेली शास्त्री नदी संगमेश्वरावरून पश्चिमेस वाहत येते आणि डोंगरांच्या वळणावळणांतून वाट काढीत अखेर सिंधुसागरास मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिण तीरावर, रत्नागिरी तालुक्यात, जयगड हे गाव वसलेले आहे. समोर उत्तर तीरावर गुहागर तालुक्यातील तवसाळ दिसते. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची मूळ घरे याच पट्ट्यातील खाडीकाठच्या वाड्यांत आहेत. यास्तव या गावाचा थोडा इतिहास आपल्या स्मरणिकेच्या पानांवर यावा, असे आम्हांस वाटले.

जयगडास महत्त्व आले ते त्याच्या जागेमुळे. दक्षिणेकडील उंच भूशिर नैऋत्येच्या वाऱ्याचा जोर अडविते आणि आतील पाण्यात गलबतांना निर्धास्त आसरा मिळतो. पूर्वी याच खाडीने होड्या संगमेश्वराच्या पेठेपर्यंत जात आणि तेथून बैलांच्या पाठीवरून माल घाटमाथ्यावर चढे. मीठ, सुकी मासळी व नारळ वर जावेत आणि देशावरचे धान्य व गूळ खाली यावा, असा हा व्यवहार होता. ज्याच्या हाती खाडीचे तोंड, त्याच्या हाती हा सर्व व्यापार. म्हणून येथे गड उभा राहिला आणि गडाच्या आसऱ्याने बंदर व बाजार वाढला.

किल्ल्याची उभारणी विजापूरच्या अमदानीत झाली, असे १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरात नमूद आहे. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकाच्या ताब्यात गेला. सातआठ गावे व सुमारे ६०० माणसे एवढेच ज्याचे बळ, त्या नाईकावर पोर्तुगीज व विजापूरकर या दोन सत्तांनी १५८३ व १५८५ अशा दोन वेळा मिळून मोहिमा काढल्या. एवढ्या लहान सत्ताधीशासाठी दोन मोठ्या दरबारांस एकत्र यावे लागले, यावरूनच या जागेचे मोल ध्यानी येते. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, १७१३–१४ च्या सुमारास, बाळाजी विश्वनाथ यांनी कान्होजी आंग्रे यांच्याशी तह केला. त्यात आंग्र्यांकडे राहिलेल्या प्रमुख दहा किल्ल्यांत खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग यांच्याबरोबर जयगडाचेही नाव आहे. १७५६ साली विजयदुर्ग पडून तुळाजी आंग्र्यांचा पाडाव झाला. त्यानंतर हा मुलूख पेशव्यांच्या अमलाखाली आला आणि जून १८१८ मध्ये जयगड इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

या आरमारी इतिहासात आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे. शिवछत्रपतींच्या आरमाराचे एक प्रमुख मायनाक भंडारी यांचे नाव, आणि १६७९ साली खांदेरी बेटावर इंग्रजांशी झालेला त्यांचा सामना, आपल्या घराघरांत अभिमानाने सांगितला जातो. आंग्र्यांच्या गुराबांवर व गलबतांवरही भंडारी खलाशी व शिपाई होते. परंतु त्याच तराफ्यावर कोळी होते, खारवी व गाबीत होते, कोकणी मुसलमान तांडेलही होते. समुद्रावर शीड ओढणारे दहा हात एकाच ज्ञातीचे असावेत, असा नियम कोणत्याही सरखेलाने केला नव्हता.

गडाच्या नावाची जी कथा परंपरेने चालत आली आहे, ती याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. बांधकाम चालू असता बुरुज पुनःपुन्हा ढासळू लागला. नरबळीवाचून तो उभा राहणार नाही, असे ठरले. तेव्हा जयबा नावाचा महार समाजातील तरुण आपण होऊन पुढे आला आणि त्याच्या बलिदानानंतर बुरुज टिकला, म्हणून या गडास त्याचे नाव मिळाले, अशी ही दंतकथा आहे. गडावर त्याच्या स्मृतीचे स्थानही दाखवितात. पुरंदराच्या शेंदऱ्या बुरुजाविषयीही बलिदानाची अशीच कथा प्रचलित आहे. अशा कथांना कागदपत्रांचा आधार मागणे व्यर्थ होय. मात्र समाजाच्या मनात काय दडलेले असते, ते अशा कथा सांगून जातात. ‘आपण होऊन’ हे दोन शब्द आम्हांस विशेष खटकतात. ज्याला गावकीत ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या होकाराची थोरवी गाताना जरा थांबून विचार करावयास हवा.

कारण कथेनंतरचा इतिहास कथा नव्हे. कोकणातील गावोगावी त्या समाजास सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्याची मनाई होती व देवळाची पायरी चढता येत नव्हती. बुरुजाखाली ज्याचे रक्त चालले, त्याच्या वंशजाचा स्पर्श पाण्यास चालेना, हा आपल्या सर्वांच्याच पूर्वजांवरील डाग होय. सांगण्यास समाधान वाटते ते एवढेच की, तो धुण्याच्या कामी आपल्या समाजातील दोन पुरुष अग्रभागी होते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या करविल्या. त्याच ठरावाच्या आधारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या अनुयायांसह घेतले. रत्नागिरीत गरिबीत वाढलेले आणि पुढे मुंबईत बांधकामाच्या कंत्राटांनी नावारूपास आलेले दानशूर भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधले. १९३१ साली ते सर्व हिंदूंसाठी खुले झाले.

जयगडच्या परिसरात देवालयांची उणीव नाही. गडाच्या आत गणपतीचे मंदिर आहे. जवळच नांदिवडे येथे समुद्राच्या कड्यावर कऱ्हाटेश्वराचे शिवालय असून, खाली खाऱ्या लाटांच्या सान्निध्यात गोड्या पाण्याचा झरा वाहतो. आतल्या अंगास कोळिसरे येथे लक्ष्मीकेशव आणि दक्षिणेस किनाऱ्याने गेल्यावर गणपतीपुळे, ही स्थाने भाविकांस परिचित आहेतच. कऱ्हाटेश्वराचा झरा पाहताना मनात येते की, निसर्गाने खाऱ्याच्या शेजारी गोडे पाणी ठेवताना ते कोणी प्यावे व कोणी पिऊ नये, याची पाटी लाविली नव्हती.

बंदराचे वैभव मात्र हळूहळू ओसरले. गाळ साचून खाडीचे वरचे पात्र उथळ झाले आणि संगमेश्वरापर्यंतची जलवाहतूक खालीच थांबू लागली. १८७८ च्या अबकारी कायद्याने माडाच्या धंद्यावर जगणाऱ्या आपल्या कुटुंबांस मोठा फटका बसला आणि मुंबईची वाट धरणाऱ्यांची संख्या वाढली. ती वाटही जयगडावरूनच जाई. मुंबई–गोवा आगबोट खाडीच्या तोंडाशी थांबे, उतारू पडावातून बोटीवर चढत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. बोटींच्या सोयीसाठी १९३२ साली भूशिरावर दीपगृह उभे राहिले. पुढे रस्ते सुधारले, बोटी बंद झाल्या, आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे गावापासून बरीच आत, रत्नागिरी–संगमेश्वरावरून गेली. बाजारपेठ मासळीच्या उलाढालीवर व मनिऑर्डरींवर तग धरून राहिली.

आता चित्र पुन्हा पालटले आहे. २००९ साली येथे जिंदाल समूहाचे नवे बंदर सुरू झाले आणि २०१०–११ मध्ये ३०० मेगावॅटचे चार संच मिळून १२०० मेगावॅटचे कोळशावरील वीजकेंद्र उभे राहिले. जेथे गलबते विसावत, तेथे कोळशाची प्रचंड जहाजे लागू लागली. रोजगार आला, त्याबरोबर प्रश्नही आले. धुराच्या परिणामाविषयी आंबा बागायतदारांनी शंका उपस्थित केल्या. खाडीच्या मुखाला पुनश्च मोल आले आहे. तेथे राहणाऱ्यांच्या वाट्यास त्यातील किती येते, याचा हिशेब मात्र गावानेच जागरूकपणे ठेवावयास हवा.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत स्वजनांचा गौरव व्हावा, हे स्वाभाविक होय, आणि मायनाक भंडारी यांचे नाव घेताना आमचाही ऊर भरून येतो. परंतु जयगडाने दिलेली शिकवण अशी की, गाव एका ज्ञातीच्या खांद्यावर उभे नसते. आमची ज्ञातिबांधवांस विनंती एवढीच की, घरातील वडीलधाऱ्यांकडून गलबतांची नावे, तांडेलांच्या हकिकती व बाजारातील जुन्या दुकानांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. आज नव्वदीत असलेल्या माणसांबरोबर आगबोटीची शेवटची आठवणही जाईल. आणि सुटीत मुलाबाळांस गड दाखविण्यास नेले, तर गणपतीचे दर्शन घेऊन व बुरुजावरून समुद्र पाहून परतू नये. जयबाच्या स्थानापाशी क्षणभर उभे राहावे, त्याची कथा मुलांस सांगावी आणि तीबरोबर बोले व कीर यांनी काय केले व ते का करावे लागले, हेही सांगावे.