माणशी अर्धा एकर

१९७२च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्यांत जमीनवाले शेतकरीही होते. पुढे नायगावात देवस्थानाची सुमारे ४० एकर माळजमीन कराराने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली, पाणी अडवले, जिरवले. माळावर पीक उभे राहिले आणि खरा प्रश्न पुढे आला: अडवलेले पाणी कोणाचे?

जुनी रीत सरळ होती. ज्याची जमीन त्याची विहीर, ज्याची विहीर त्याचे पाणी. धुळे जिल्ह्यातली पांझराकाठची फड पद्धत याहून कितीतरी समंजस. तिथे पाळी ठरलेली, पाटकरी नेमलेला, फडातले पीकही सर्वांनी मिळून ठरवलेले. पण पाणी तिथेही जमिनीमागेच जायचे.

साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने मापच बदलले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. चार माणसांच्या घराकडे वीस एकर असोत की तीन, पाणी दोन एकरांचेच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही, तो पंचायतीकडे परत यायचा. आणि ऊस लावायचा नाही. हे कलम कडक खरे, पण ते नसते तर बाकीची कलमे कागदावरच राहिली असती. उसाच्या एका मळ्याला वर्षभर लागणाऱ्या पाण्यात ज्वारी-बाजरीची कितीतरी शेते पिकतात.

पाणी फुकट मात्र नव्हते. उपसा योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः भरायचा. पण गाठीला पैसा जास्त म्हणून पाणी जास्त, हे चालत नसे. गरजेलाही मर्यादा होती: सात माणसांच्या घरालाही अडीच एकरच. इतक्या कमी पावसाच्या मुलखात याहून न्याय्य हिशेब सापडणे कठीण.

१९८०च्या दशकात सांगली जिल्ह्यात येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभारताना मुक्ती संघर्ष चळवळीनेही भूमिहीनांसह सर्वांना समान पाणी हेच तत्त्व धरले. पुरंदरात पुढे उपशाची वीज महागली, २००२मध्ये साळुंखे गेले, अनेक योजना थंडावल्या. कालव्याच्या पाण्याचा हक्क राज्यात आजही लाभक्षेत्रातल्या जमिनीला मिळतो. तिच्यावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला त्यात वाटा नाही.