निम्म्या इकडे, सगळ्या तिकडे

हडसन नदीच्या अलीकडे न्यू जर्सी, पलीकडे न्यूयॉर्क. पश्चिमेकडून येणाऱ्या बहुतेक रेल्वे कंपन्यांचे रूळ न्यू जर्सीच्या काठावर संपत. मॅनहॅटनला किंवा ब्रुकलिनला माल पोचवायचा तर मध्ये पाणी. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूळ ठोकलेल्या सपाट बार्जवर वाघिणीच चढवून टगबोटीने पलीकडे न्यायला सुरुवात झाली. हा कार फ्लोट.

खरी कसोटी वाघिणी चढवताना. फ्लोटवर सहसा तीन रूळ. भरलेली एकेक वाघीण पन्नास टनांच्या पुढे जाणार. एका कडेचा रूळ आधी पूर्ण भरला तर फ्लोट कलंडून वाघिणी पाण्यात जायच्या. त्यातून एक क्रम ठरत गेला: एका कडेला निम्म्या, मग दुसऱ्या कडेला सगळ्या, मग पहिल्या कडेच्या उरलेल्या. कुठल्याही क्षणी दोन बाजूंतला फरक निम्म्या रुळाच्या भारापलीकडे जात नाही. उतरवतानाही हेच. मधल्या रुळाने फ्लोट कडेला कलत नाही, त्यामुळे तो सोयीने भरता येतो. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा पूल फ्लोटला काठाशी जोडे. त्यावर इंजिनाचा भार नको म्हणून इंजिन आणि मालाच्या वाघिणी यांच्यामध्ये रिकाम्या सपाट वाघिणी जोडत. जेम्स फ्रेंच यांच्या रचनेचा 1911 मधला असा एक पूल मॅनहॅटनच्या 69व्या रस्त्याच्या टोकाला आजही उभा आहे. न्यू जर्सीतलं ग्रीनव्हिल ते ब्रुकलिन अशी फ्लोटची फेरी तर अजून चालू आहे.

मॉडेल रेल्वेत हे सगळं 1:87 प्रमाणात येतं. साडेतीनशे फुटांचा फ्लोट चार फुटांचा होतो आणि बहुधा प्लायवूडवर पक्का बसवलेला असतो. तो बुडणार नाही, कलणारही नाही. तरीही जाणकार मंडळी तोच क्रम पाळतात आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. क्रम नसेल तर फ्लोट म्हणजे तीन बंद सायडिंग. क्रम पाळला की शंटिंग करणाऱ्याला दर वाघिणीपाशी विचार करावा लागतो: पावतीवर हिचं ठिकाण कुठलं, पलीकडे आधी कुठली लागेल, आणि ती आत्ता या कडेला चालेल का? फ्लोट उचलून नेण्याजोगा असेल तर प्रश्न नुसता नियमाचा राहत नाही. एका बाजूला जड झालेला फ्लोट हातातच कलतो.

तुमच्या लेआउटवर फ्लोट असेल, तर हा क्रम पुलाशेजारी ठळक लिहून लावा आणि पाहुण्यांनाही तो पाळायला लावा.