रेडिएटर, जुन्या स्पोर्ट्स मोटारगाड्यांचा
एंजिनात तापलेले पाणी थंड करून ते पुन्हा एंजिनाकडे पाठविणारे, मोटारगाडीच्या सामान्यतः दर्शनी भागी बसविलेले साधन. नावावरून ते प्रारणाने उष्णता बाहेर टाकत असावे असे वाटते. तथापि बहुतेक उष्णता त्याच्या गाभ्यातून वाहणाऱ्या हवेबरोबर निघून जाते व त्या दृष्टीने हे नाव फारसे अन्वर्थक नाही. वरची टाकी, खालची टाकी आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या व पातळ पंखपट्ट्या यांचा गाभा, अशी त्याची जुनी रचना होय. एंजिनाच्या मानाने हा भाग नाजूक असतो. नळ्यांत क्षार साचतात, डाख सुटतो, पंखपट्ट्या कुजतात. त्यामुळे जुनी गाडी रस्त्यावर ठेवू पाहणाऱ्यास केव्हा तरी बदली रेडिएटर शोधावाच लागतो आणि गाडीच्या निर्मितीचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज हा शोध सहसा सफल होत नाही.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ मधील तीनचाकी गाडीत पाणी वाफ होऊन उडून जाई व ते वारंवार भरावे लागे. वेगवान गाडीस ही पद्धत पुरेशी नव्हती. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सेडिस गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर योजिला. त्यात सु. ६ मिमी. चौरस छेदाच्या ८,०७० आखूड नळ्या असून त्यांतून हवा व त्यांच्या भोवतालच्या अरुंद फटींतून पाणी जात असे. पूर्वीच्या मानाने निम्म्या, म्हणजे सु. ९ लिटर पाण्यात एंजिन थंड राहू लागले. वजन घटल्याने व भरवसा वाढल्याने शर्यतींत या गाडीचे वर्चस्व प्रस्थापित झाले. पुढे उभ्या चपट्या नळ्या व पंखपट्ट्या यांची सोपी व स्वस्त रचना रूढ झाली. मात्र रेडिएटराचा दर्शनी आकार हीच गाडीच्या घराण्याची ओळख, ही प्रथा दीर्घकाळ टिकली.

या प्रथेचा शेवट एम. जी. या ब्रिटिश गाड्यांत स्पष्ट दिसतो. १९५३ ते १९५५ या काळातील टीएफ या गाडीच्या पुढील कवचावर अष्टकोनी झाकण होते, पण ते केवळ शोभेचे. पाणी भरण्याचे खरे झाकण बॉनेटखाली असून ते दाबाखाली चालणाऱ्या शीतन यंत्रणेचा भाग होते. दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू वाढतो : दर चौ. इंचास ७ पौंड दाबाच्या झाकणाखाली साधे पाणी सु. १११° से. ला, तर १० पौंडांच्या झाकणाखाली सु. ११५° से. ला उकळते. यामुळे लहान रेडिएटर पुरेसा झाला व गाडीचे नाक खाली उतरविणे शक्य झाले. ट्रायम्फ टीआर २ व टीआर ३ या त्याच काळातील गाड्यांत आणखी एक वैशिष्ट्य आढळते. हाताने एंजिन चालू करण्याचा दांडा आत जावा म्हणून त्यांच्या रेडिएटराच्या गाभ्यातूनच आरपार भोक ठेवलेले असे. आज नव्याने बनविलेले काही रेडिएटर या भोकाविना येतात. ते गाडीत बसतात, पाणीही थंड करतात. मात्र दांडा कायमचा निरुपयोगी होतो.

एकाच नावाची गाडी म्हणजे एकच रेडिएटर, ही समजूत सर्वांत महाग पडते. एमजीबी हे याचे उत्तम उदाहरण होय. अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती व तिच्या पाच लाखांहून अधिक प्रती निघाल्या. तिच्या १,७९८ घ. सेंमी. एंजिनाच्या शीतन यंत्रणेत जेमतेम साडेपाच लिटर पाणी मावते. आरंभी ७ पौंडांचे झाकण होते, पुढे १० पौंडांचे आले. १९७३ च्या आठ सिलिंडरांच्या प्रकारात रेडिएटर पुढे सरकवून विजेचे दोन पंखे बसविण्यात आले. चार सिलिंडरांच्या गाडीत हाच बदल १९७६ च्या उत्तरार्धात, १९७७ च्या प्रतिमानापासून झाला. त्यापूर्वी पंखा पाण्याच्या पंपाच्या आसावर बसून पट्ट्याने फिरत असे. यातील अडचण अशी, की १९६९ च्या सुमारास सुरू झालेली ‘जीएचएन ५’ ही क्रमांकमालिका या बदलाच्या दोन्ही बाजूंस पसरलेली आहे. म्हणून केवळ नाव व आद्याक्षरे पाहून मागविलेला रेडिएटर चुकीचा निघू शकतो. पूर्ण सांगाडा-क्रमांक सुट्या भागांच्या सूचीशी ताडून पाहावा लागतो. एवढ्यानेही काम भागत नाही, कारण पन्नास वर्षांत कोणी तरी पूर्वीच काही बदललेले असण्याचा संभव मोठा असतो.

जागेवर घेतलेली मापे हीच अखेर निर्णायक ठरतात. आधारपट्ट्यांच्या भोकांतील अंतर, वरच्या व खालच्या रबरी नळ्यांची तोंडे कोणत्या बाजूस व किती व्यासाची आहेत, झाकणाच्या गळ्याची खोली, या गोष्टी पाहाव्या लागतात. गाभ्याची जाडी विशेष महत्त्वाची होय. नळ्यांच्या दोन रांगांऐवजी चार रांगा घेतल्यास शीतन दुप्पट होईल असे अनेकांस वाटते. परंतु जाड गाभ्यातून हवा कष्टाने जाते आणि मागच्या रांगांना पुढच्या रांगांनी तापविलेलीच हवा मिळते. शिवाय एंजिनावर बसविलेला पंखा व गाभा यांतील अंतर कमी होते. एंजिनाखालील रबरी आधार जुने व सैल झालेले असतील, तर जोरात ब्रेक लावताच एंजिन किंचित पुढे झुकते व पंख्याची पाती नव्या गाभ्यात घुसतात. एंजिनाच्या ठोकळ्यात साचलेला गाळ तर कोणताही नवा रेडिएटर दूर करू शकत नाही. तो धुऊन काढल्याशिवाय रेडिएटर बदलणे हा व्यर्थ खर्च होय. अति तापलेल्या एंजिनात सिलिंडर-शीर्ष वाकते व त्याखालील गॅस्केट फुटते, हे लक्षात घेता या तपासणीस लागणारा वेळ अल्पच म्हटला पाहिजे.

अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर वजनाने हलके असतात. अ‍ॅल्युमिनियमची उष्णतावाहकता तांब्याच्या सु. साठ टक्केच असली, तरी रुंद नळ्यांमुळे ते कार्यक्षम ठरतात. मात्र त्यांना गंजरोधक मिसळलेला योग्य द्रव लागतो व भोक पडल्यास ते साध्या डाखाने बुजविता येत नाही. तांबे-पितळेचा रेडिएटर उघडून जोडता येतो, ही त्याची मोठी सोय. मूळच्या टाक्या, आधारपट्ट्या व त्यांवरील निर्मात्याची पट्टी कायम ठेवून केवळ गाभा नवा बसवून घेणे, हा मार्ग म्हणूनच सर्वांत समाधानकारक होय. नळ्यांची तोंडे जागची हलत नाहीत, रेडिएटर निश्चितपणे बसतो आणि मूळ वस्तूचा बराच अंश टिकतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेल्या तूरिन सनदेतही मूळ द्रव्य जपण्यावर भर असून, बदललेले भाग सौम्य पण कायम खुणेने ओळखू यावेत अशी शिफारस आहे. दर रविवारी चालविल्या जाणाऱ्या गाडीस एवढी काटेकोर शिस्त लागू करणे काहीसे कठोर वाटेल. पण मूळ रेडिएटर भंगारात न देता बाजूस ठेवणे कोणासही जमण्यासारखे आहे.

भारतात स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले व जुने तेच दुरुस्त करण्याचे कौशल्य शहरोशहरी वाढले. टाकी उकलून नळ्यांतून पातळ लोखंडी पट्टी फिरवून क्षार काढणे, निकामी नळी दोन्ही तोंडांशी बुजविणे, नंतर सर्व तोंडे बंद करून व आत हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडविणे व बुडबुडे कोठून येतात ते पाहणे, ही त्यातील नेहमीची कामे होत. चाचणीचा दाब झाकणावरील आकड्याहून फार चढविल्यास जुन्या टाकीचे सांधे उसवतात. म्हणून तो आकडा कारागिरास आधी सांगणे आवश्यक असते.