पाण्याखालच्या चुकीची किंमत : गळक्या पेटीपासून कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यापर्यंत

#थ्रेड

१/ फेब्रुवारी १८५६. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथच्या उपसागरात एका होडीतून दोरीने एक पेटी खाली सोडण्यात आली. आत कॅमेरा, पुढे सपाट काच, काचेवर झडप. खोली सुमारे १८ फूट. दहा मिनिटांनी पेटी वर आली, तेव्हा तिच्यात समुद्राचे पाणी शिरलेले होते. तरीही आतल्या काचेवर खडक आणि सागरी वनस्पती अंधूक उमटल्या होत्या.

२/ हा प्रयोग विल्यम थॉम्प्सन यांचा. पेशाने सॉलिसिटर, आवडीने निसर्गअभ्यासक. पूल आणि धक्के यांचे पाण्याखालचे पाये पाणबुड्या न उतरवता पाहता यावेत, हा त्यामागचा व्यावहारिक विचार. त्या काळी कलोडियनचा लेप ओला असतानाच काच वापरावी लागे. म्हणजे तयारी, पेटी सोडणे, प्रकाश देणे आणि काच धुणे, सारे घाईत. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

३/ थॉम्प्सन स्वतः मात्र होडीतच राहिले. कॅमेऱ्यासमोर काय आहे, हे पेटी वर येईपर्यंत त्यांना ठाऊक नव्हते. कॅमेऱ्यासोबत माणूस खाली उतरायला आणखी ३७ वर्षे जावी लागली.

४/ १८९३, फ्रान्स. भूमध्य समुद्राकाठच्या बान्यूल्स येथील आरागो प्रयोगशाळेत लुई बूताँ हे जीवशास्त्रज्ञ काम करीत. शिरस्त्राणाचा पोशाख घालून ते समुद्रतळाशी उतरत. तिथे दिसणारे दृश्य शब्दांत मांडता येईना, म्हणून ते सोबत आणण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांचे बंधू ऑगस्त यांनी कॅमेऱ्यासाठी जलरोधक पेटी तयार केली. ती इतकी अवजड होती की होडीवरून दोरखंडानेच खाली सोडावी लागे.

५/ खरी अडचण प्रकाशाची होती. नुसत्या सूर्यप्रकाशावर एका चित्राला अर्धा अर्धा तास लागे. तेवढ्यात मासा निघून जाई आणि लाटेने कॅमेराही हले. मग प्राणवायू भरलेल्या काचपात्रात मॅग्नेशियम जाळण्याचा प्रयत्न झाला. उष्णतेने पात्रे फुटत. पुढे २०० लिटरच्या पिंपावर स्पिरिटचा दिवा बसवून रबरी फुग्याने त्याच्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकण्यात आली. आज कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात मावणाऱ्या फ्लॅशचा हा पूर्वज.

६/ १८९९ मध्ये बूताँ यांनी पाण्याखाली उभ्या असलेल्या एमिल राकोवित्सा या रुमानियन जीवशास्त्रज्ञाचे छायाचित्र घेतले. पाण्याखालच्या आद्य व्यक्तिचित्रांत त्याची गणना होते. पुढल्याच वर्षी त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

७/ रंग आले ते १९२६ मध्ये. फ्लॉरिडाजवळच्या ड्राय टॉर्तुगास येथे विल्यम लाँगली हे मत्स्यतज्ज्ञ आणि नॅशनल जिऑग्राफिकचे चार्ल्स मार्टिन यांनी ऑटोक्रोम पद्धतीने हॉगफिश माशाचे रंगीत छायाचित्र टिपले. ऑटोक्रोमची काच प्रकाशाला फारच मंद प्रतिसाद देई. म्हणून पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा स्फोट घडवण्यात येई. अशाच पुडीचा अवेळी स्फोट होऊन लाँगली चांगलेच भाजले आणि काही दिवस अंथरुणाला खिळून होते.

८/ एवढा आटापिटा का? कारण पाणी प्रकाश गिळते, आणि सगळे रंग सारखे गिळत नाही. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा. उरते ती निळी-हिरवी छटा. शिवाय प्रकाशाला पृष्ठभागापासून माशापर्यंत आणि माशापासून भिंगापर्यंत असा दुहेरी प्रवास करावा लागतो. पहिला टप्पा समुद्राच्या हाती, दुसरा छायाचित्रकाराच्या. म्हणून नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो जवळ जाण्याचा.

९/ १९४३ मध्ये कुस्तो आणि गाग्नाँ यांच्या ॲक्वालंगने पाणबुड्याला हवेच्या नळीतून मोकळे केले. आता कॅमेराही मोकळा व्हायला हवा होता. कुस्तो यांच्या आग्रहावरून जाँ द वूटर्स या बेल्जियन अभियंत्याने पेटीशिवायच पाण्यात नेता येईल असा कॅमेरा घडवला. कुस्तो यांच्या जहाजावरून त्याला ‘कॅलिप्सो’ हे नाव मिळाले. १९६३ मध्ये निकॉनने तोच ‘निकोनॉस’ म्हणून बाजारात आणला. सांध्यांतील रबरी ओ-रिंग पाण्याला बाहेर अडवत आणि यंत्र मुठीत मावे.

१०/ तरीही रिळात चित्रे ३६, आणि रीळ पाण्याखाली बदलता येत नसे. अंतर अंदाजाने ठरवून भिंगावर लावावे लागे. त्यातही फसगत होती : सपाट काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरावर भासते. एक मीटरवरचा मासा ७५ सेंटिमीटरवर दिसतो. भिंगालाही तसेच दिसते, म्हणून दिसणारे अंतर लावायचे. हे ज्याला उमगले नाही, त्याचे रीळ धुतल्यावर अंधूक निघे. पण तोवर समुद्र मागे राहिलेला असे.

११/ डिजिटल कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याने बदलले ते हेच. ऑलिंपसच्या २०१५ च्या टीजी-४ सारखे छोटे यंत्र पेटीविना १५ मीटरपर्यंत चालते आणि भिंगापासून सेंटिमीटरभर अंतरावरचा जीवही टिपते. पांढरी पाटी समोर धरून व्हाइट बॅलन्स ठरवला की हरवलेल्या रंगांचा काही भाग परत येतो. चूक तिथल्या तिथे पडद्यावर दिसते आणि पुढच्या चित्रात सुधारता येते. समुद्र तोच राहिला. चूक मात्र जवळजवळ फुकट झाली.

१२/ नियम मात्र जुनेच. खोल जायचे तर आजही पेटी लागते, आणि ओ-रिंगवरचा एक केस किंवा वाळूचा कण थॉम्प्सन यांचा अनुभव पुन्हा देऊ शकतो. म्हणून पेटी आधी रिकामीच पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहावे. कॅमेऱ्यातला फ्लॅश भिंगाला चिकटून असल्याने पाण्यातले कण उजळतात आणि चित्रात जणू बर्फ पडतो. उपाय : वेगळा दिवा बाजूला लांब धरणे, किंवा सूर्य पाठीशी ठेवून उथळ पाण्यात काम करणे.

१३/ पण चूक फुकट झाली ती छायाचित्रकारापुरती. महाराष्ट्रात स्कूबा म्हटले की मालवण आठवते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. पाणी बरेचदा गढूळ असते. तिथे ‘जवळ जा’ हा नियम अधिकच खरा ठरतो. आणि ज्याला पाण्यात स्थिर तरंगता येत नाही, त्याचे जवळ जाणे म्हणजे प्रवाळावर पडलेला पाय. गोलसर वाढणारी कित्येक प्रवाळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. मुठीएवढा तुकडा मोडायला एक फटका पुरतो, घडायला कित्येक वर्षे लागतात.

१४/ थॉम्प्सन यांच्या चुकीची किंमत त्यांच्या कॅमेऱ्याने मोजली, लाँगली यांच्या प्रयोगाची त्यांच्या कातडीने. आजच्या चुकीचे बिल समुद्राच्या नावे फाटते, आणि ते पडद्यावर दिसत नाही. बूताँ आधी पाणबुडे झाले, कॅमेरा त्यांनी नंतर नेला. यंत्र खिशात मावू लागले म्हणून हा क्रम उलटा करण्याचे कारण नाही : आधी हात रिकामे ठेवून पाण्यात स्थिर राहायला शिकावे, मगच कॅमेरा हाती घ्यावा.