हिशेब दूरवर, जबाबदारी दुकानातच. लहान व्यावसायिकांसाठी दूरस्थ हिशेबलेखनाची व्यवस्था

झाशी (उत्तर प्रदेश) : दुकान झाशीत, हिशेबनीस दुसऱ्या शहरात आणि दोघांना जोडणारा दुवा म्हणजे मोबाइलवरून पाठवलेली बिलांची छायाचित्रे, ही व्यवस्था आता नवलाची राहिलेली नाही. पूर्णवेळ मुनीम ठेवणे ज्यांना परवडत नाही, अशा लहान व्यावसायिकांना ती सोयीची ठरते. मात्र हिशेब दूर गेला, म्हणून कायदेशीर जबाबदारी दूर जात नाही. विवरणपत्र जीएसटी व्यावसायिकाने भरले, तरी त्यातील तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत व्यापाऱ्यावरच राहते, असे केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ मधील कलम ४८ सांगते.

कामाचे स्वरूप

दूरस्थ हिशेबनीस खरेदी-विक्रीची बिले, बँक खात्याचा उतारा आणि रोख खर्चाच्या पावत्या मागवून घेतो, टॅलीसारख्या संगणक प्रणालीत त्यांच्या नोंदी करतो, बँकेच्या शिलकीशी त्यांचा मेळ घालतो आणि विवरणपत्राचा मसुदा तयार करतो. केवळ हिशेब लिहिण्यासाठी देशात स्वतंत्र परवान्याची अट नाही. कायद्याने बंधनकारक केलेले करलेखापरीक्षण मात्र सनदी लेखापालालाच करता येते.

जे कागदावर आलेच नाही, ते दूरच्या हिशेबनिसाला दिसत नाही. उधारीची वही, मालकाच्या वैयक्तिक यूपीआय खात्यात जमा झालेली विक्रीची रक्कम, गल्ल्यातून परस्पर झालेला खर्च आणि गोदामातील प्रत्यक्ष माल या चार ठिकाणी हिशेब आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडते. पूर्वी गादीशेजारी बसणाऱ्या मुनिमाला या गोष्टी नजरेने कळत. आता त्या मालकालाच कळवाव्या लागतात.

सीमेवरील शहराचा प्रश्न

झाशीच्या बाबतीत भूगोलही हिशेबाचा भाग ठरतो. शहर उत्तर प्रदेशात असले, तरी अवघ्या वीस किलोमीटरच्या आतले ओरछा मध्य प्रदेशात आहे. दतियाही त्याच राज्यात मोडते. झाशीतील दुकानदाराने ओरछ्यातील हॉटेलला माल पोहोचवला, तर ती आंतरराज्य विक्री होते आणि तिच्यावर केंद्र व राज्य कराऐवजी एकात्मिक कर लागतो. हीच विक्री जिल्ह्यातील मऊरानीपूरला झाली, तर ती राज्यांतर्गत ठरते.

हा फरक केवळ रकान्याचा नाही. उत्तर प्रदेशात फक्त मालाची विक्री करणाऱ्यांना ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीतून सूट आहे. करपात्र मालाची आंतरराज्य विक्री करणाऱ्याला मात्र, अधिसूचित हस्तकला वस्तूंसारखे अपवाद वगळता, उलाढाल कितीही असली तरी नोंदणी घ्यावी लागते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला तर मालाची आंतरराज्य विक्री करताच येत नाही. कर चुकीच्या शीर्षाखाली भरला गेल्यास योग्य कर नव्याने भरून आधीच्या रकमेचा परतावा मागावा लागतो. झाशीची हद्द ठाऊक नसलेल्या हिशेबनिसाकडून नेमकी येथेच चूक होऊ शकते.

तारखांचे बंधन

मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत पुढील महिन्याची ११ तारीख, तर जीएसटीआर-३बी ची २० तारीख असते. पाच कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही पर्याय निवडता येतो. त्यात तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावा लागतो. तिमाही जीएसटीआर-३बी साठी महाराष्ट्राला २२, तर उत्तर प्रदेशाला २४ तारीख आहे. सर्वसाधारण विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, तर व्यवहार नसलेल्या विवरणपत्रासाठी २० रुपये असून त्याला कमाल मर्यादा आहे. थकीत करावर १८ टक्के दराने व्याज लागते.

खरेदीवर भरलेल्या कराची वजावट हा सर्वांत मोठा आर्थिक मुद्दा आहे. एक लाख रुपयांच्या मालावर १८ टक्के दराने १८ हजार रुपये कर दिला, पण पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेच नाही, तर खरेदीदाराला ती वजावट मिळत नाही. त्यामुळे दरमहा तयार होणारे जीएसटीआर-२बी आणि दुकानातील खरेदीची बिले जुळवून पाहणे हे हिशेबनिसाचे मुख्य काम ठरते. राहिलेली वजावट पुढील आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच घेता येते.

जुनी शिस्त

दूर बसून हिशेब तपासण्याची पद्धत मराठी राज्यकारभाराला परकी नव्हती. १७४२ मध्ये नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. पेशवाईत मामलेदारांचे हिशेब पुण्याच्या हुजूर दफ्तरात तपासले जात. त्यासाठी जागेवर फडणीस, मुजुमदार यांसारखे दरकदार असत आणि त्यांना काढण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. व्यवहार करणारा आणि नोंद तपासणारा वेगळा असावा, हे तत्त्व त्यामागे होते.

घ्यावयाची काळजी

हेच तत्त्व आजच्या दुकानालाही लागू पडते. जीएसटी संकेतस्थळावर नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल मालकाचाच असावा, कारण पडताळणीचा ओटीपी तेथेच येतो. जीएसटी व्यावसायिकाला संकेतस्थळावरूनच प्राधिकृत करता येते आणि हे प्राधिकार मागेही घेता येतात. त्यामुळे त्याला पासवर्ड देण्याची गरज नसते. हिशेबनिसाला बँकेचा उतारा पाठवावा, नेटबँकिंगचा पासवर्ड नव्हे. विवरणपत्र दाखल होण्यापूर्वी विक्री, देय कर आणि वजावट हे तीन आकडे मालकाने स्वतः पाहावेत.

करारात मासिक शुल्क, कागदपत्रे पाठवण्याची अंतिम तारीख, विलंब शुल्क कोणी सोसायचे आणि काम थांबल्यास संपूर्ण विदा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, याचा उल्लेख असावा. हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे व्यवसायाच्या मुख्य ठिकाणी उपलब्ध असावी लागतात आणि त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतात, मात्र अधिकाऱ्यांनी मागितल्यास सादर करण्याचे दायित्व व्यापाऱ्याचे असते. म्हणून हिशेबाची अद्ययावत प्रत दर महिन्याला दुकानातील संगणकावर उतरवून घेणे हिताचे ठरते.